विश्लेषण : गाडीला बाहेरून सुपरचार्जर बसवणे खरेच इतके सोपे आहे का?

बॉनेट उघडलेले, इंजिनाच्या कडेला चकाकणारे ॲल्युमिनियमचे खोके आणि रेस दिली की शिट्टीसारखा चढत जाणारा आवाज. मोबाइलवर असा व्हिडीओ पाहिला की आपल्याही गाडीला हे बसवावे, असे अनेक गाडीप्रेमींना वाटते. विक्रेत्यांचा आवडता शब्द असतो ‘बोल्ट-ऑन’. म्हणजे इंजिन न उघडता बाहेरून बोल्टने बसवता येणारे किट. हे अर्धेच खरे आहे. सुपरचार्जर बोल्टने बसतो, पण तो बसल्यावर बेल्ट, अल्टरनेटर, रेडिएटर, इंजेक्टर, ब्रेक बूस्टर अशा जुन्या भागांवर नवे काम येऊन पडते. ते कोणी मोजायचे आणि चुकले तर जबाबदार कोण, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ना गॅरेजच्या कोटेशनमध्ये सापडते, ना आपल्या कायद्यात.

सुपरचार्जर नेमके काय करतो?

पेट्रोल इंजिन किती ताकद देणार, हे ते किती हवा ओढते यावर ठरते. पेट्रोल जास्त टाकणे सोपे आहे, पण ते जाळायला हवा लागते. साधे इंजिन वातावरणाच्या दाबावर मिळेल तेवढीच हवा घेते. घाट चढून महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटर उंचीवर गेले की हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४-१५ टक्के कमी असतो. तिथे गाडी ‘मार खाते’ ती त्यामुळेच.

सुपरचार्जर हा हवेचा पंप आहे. तो क्रँकशाफ्टच्या पुलीवरून बेल्टने फिरतो आणि सिलिंडरमध्ये दाबाने हवा कोंबतो. टर्बोचार्जरचे कामही तेच, पण तो एक्झॉस्टच्या वायूंवर फिरतो. सुपरचार्जर इंजिनाला थेट जोडलेला असल्याने ॲक्सिलरेटर दाबताच पिकअप मिळतो. मात्र त्याला फिरवण्याची ताकद इंजिनालाच द्यावी लागते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६०च्या दशकात हवा ढकलणारे यंत्र तयार केले, ते कारखान्यांसाठी. आजच्या अनेक सुपरचार्जरना ‘रूट्स टाइप’ म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या मोटारी १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. म्हणजे तंत्र शंभर वर्षांचे, पारखलेले आहे. अडचण ते नंतर, दुसऱ्याच्या इंजिनावर बसवताना येते.

हिशेब कसा मांडतात?

एक उदाहरण घेऊ. इंजिन १.६ लिटरचे, चार सिलिंडरचे. फोर-स्ट्रोक असल्याने क्रँकच्या प्रत्येक फेरीला ते साधारण ०.८ लिटर हवा घेते. समजा, सुपरचार्जर स्वतःच्या एका फेरीत पाऊण लिटर हवा ढकलतो. क्रँकची पुली १३५ मिलिमीटरची आणि सुपरचार्जरची ९० मिलिमीटरची असेल, तर क्रँकच्या एका फेरीत सुपरचार्जर दीड फेरी मारणार. म्हणजे १.१२ लिटर हवा. इंजिनाला हवी ०.८ लिटर, येते १.१२ लिटर. ही जास्तीची हवा मॅनिफोल्डमध्ये दाटते आणि दाब वाढतो. तोच ‘बूस्ट’.

पंपाच्या रोटरमधून थोडी हवा मागे गळते आणि दाबली गेल्याने ती गरम होते. या दोन्ही गोष्टी धरल्या तर दाब वातावरणाच्या १.४ पट झाला, तरी सिलिंडरमध्ये पोहोचणारी हवा ढोबळमानाने २० टक्केच वाढते. जाहिरातीतला दाबाचा आकडा आणि रस्त्यावर मिळणारी ताकद यांत फरक पडतो तो इथे.

आता मोह कुठे होतो ते पाहा. ९० ऐवजी ७५ मिलिमीटरची पुली टाकली की सुपरचार्जरचा वेग एकदम २० टक्क्यांनी वाढतो. इंजिन ६,५०० आरपीएमवर असताना तो ९,७५० ऐवजी ११,७०० फेऱ्या मारतो. खर्च एका पुलीचा. पण त्या एका पुलीमुळे पुढच्या सगळ्या भागांचे हिशेब बदलतात आणि ते नव्याने मांडण्याचे काम बहुतेक वेळा कोणी करत नाही.

बेल्टवर आधीच कोण कोण आहे?

बॉनेटखाली मोकळी जागा नसते, हे मेकॅनिकला सर्वात आधी कळते. इंजिनाच्या पुढच्या बाजूला अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, अनेक गाड्यांत वॉटर पंप आणि जुन्या गाड्यांत पॉवर स्टीअरिंगचा पंप असे भाग एकाच लांब बेल्टवर फिरतात. सुपरचार्जर बसवायचा तर यांपैकी कोणाला तरी सरकवावे लागते. बहुतेकदा अल्टरनेटरला. मग नवा ब्रॅकेट, नवी लांबी, नवा टेन्शनर आला.

भाराचे गणित वेगळेच. ७० अँपियरचा अल्टरनेटर पूर्ण भारावर साधारण दोन-सव्वादोन हॉर्सपॉवर घेतो. वरच्या उदाहरणातील सुपरचार्जर पूर्ण वेगात फक्त हवा दाबायला सात-आठ हॉर्सपॉवर घेईल, बेअरिंग आणि गिअरचे घर्षण वेगळे. म्हणजे ज्या बेल्टची रचना अल्टरनेटर आणि एसी गृहीत धरून झाली, त्याच्यावर अचानक कितीतरी पट भार येतो.

बेल्ट पुलीला जितका जास्त गुंडाळलेला, तितकी त्याची पकड चांगली. सुपरचार्जरची पुली लहान, त्यात बेल्ट तिला जेमतेम शिवून जात असेल तर तो घसरणार, तापणार आणि एक दिवस तुटणार. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर बेल्टसोबत इंजिनाचे कूलिंगही थांबते. द्रुतगती महामार्गावर भर वेगात हे घडले, तर टेम्परेचरच्या काट्याकडे लक्ष जाईपर्यंत हेड गॅस्केट उडालेले असू शकते.

म्हणूनच चांगल्या किटमध्ये सुपरचार्जरसाठी स्वतंत्र बेल्ट असतो किंवा सगळ्या पुल्या जास्त रुंद बेल्टच्या दिलेल्या असतात. शिवाय बेल्टचा ताण क्रँकशाफ्टला एका बाजूला ओढतो, तो पुढच्या मेन बेअरिंगवर येतो. अनेक इंजिनांत क्रँकच्या पुलीत रबराचा थर असतो, क्रँकशाफ्टची कंपने शोषून घेण्यासाठी. ती काढून लेथवर बनवलेली साधी लोखंडी पुली बसवली तर बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही. नुकसान आत होत राहते.

दाबलेली हवा तापते, मग?

सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते. इथेही तेच. मे महिन्यात बाहेर ४० अंश सेल्सिअस असेल, दाब १.४ पट होत असेल आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ९० अंशांच्या वर जाते. हीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ५५ अंशांपर्यंत थंड केली आणि पुली जुळवून दाब तोच राखला, तर हवेतील वाढ २० वरून ३३ टक्क्यांवर जाते. ताकद वाढते आणि इंजिन ठोकण्याचा धोका कमी होतो.

पण इंटरकूलर ठेवायचा कुठे? गाडीच्या तोंडाशी, जिथे वारा लागतो तिथे. तिथे आधीच एसीचा कंडेन्सर आहे आणि त्यामागे रेडिएटर. इंटरकूलर पुढे आला की मागच्या दोघांना गरम वारा मिळतो. दुसरीकडे जास्त हवा, जास्त पेट्रोल म्हणजे कूलंटमध्ये जाणारी उष्णताही जास्त. कसारा किंवा खंबाटकी घाटात उन्हाळी सुट्टीच्या रांगेत, एसी चालू ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीचा रेडिएटर आधीच पुरा कामाला लागलेला असतो. थंड देशात व्यवस्थित चाललेले किट इथेही तसेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

पेट्रोल, ठिणगी आणि ईसीयूचे काय?

हवा २० टक्के वाढली तर पेट्रोलही किमान तेवढे वाढले पाहिजे. कंपनीचे इंजेक्टर पूर्ण भारावर ८५ टक्के वेळ उघडे राहत असतील, तर २० टक्के वाढीसाठी त्यांना १०२ टक्के वेळ उघडे राहावे लागेल. हे शक्यच नाही. इंजेक्टर कायम उघडा राहिला तरी पेट्रोल कमी पडणार आणि मिश्रण ‘लीन’ होणार, तेही नेमके पूर्ण बूस्टच्या क्षणी. पिस्टन वितळण्याचा हा सर्वात जवळचा रस्ता आहे.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. हा आठ-नऊ टक्क्यांचा फरक ज्या परदेशी किटच्या सेटिंगमध्ये धरलेला नाही, त्याचे इंजेक्टर इथे आणखी लवकर अपुरे पडतील. इथेनॉलची एक जमेची बाजूही आहे. त्याचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे ठोकणे थोडे लांबते. पण हा फायदा इंधन पुरेसे मिळत असेल तरच कामाचा.

दुसरा प्रश्न कॉम्प्रेशनचा. मायलेज वाढवण्यासाठी आजच्या अनेक विनाटर्बो पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ११ ते १२ पर्यंत नेलेले आहे. कंपनीचीच टर्बो इंजिने सहसा यापेक्षा कमी गुणोत्तर ठेवतात, कारण त्यांत हवा आधीच दाबलेली येते. म्हणजे मायलेजसाठी घडवलेले इंजिन सुपरचार्जरला सर्वात कमी मानवते. आपल्याकडे बहुसंख्य छोट्या गाड्यांत तेच असते.

तिसरा भाग ईसीयूचा. साध्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंत मोजता यावे यासाठीच असतो. त्यापुढचा दाब त्याला दिसतच नाही. बूस्ट वाढला तरी तो ईसीयूला जुनाच आकडा सांगत राहतो आणि ईसीयू त्या आकड्याप्रमाणे पेट्रोल आणि ठिणगीची वेळ ठरवतो. त्यामुळे सेन्सर, इंजेक्टर, थंड प्रकृतीचे स्पार्क प्लग आणि डायनोवर बसून नव्याने केलेले ट्यूनिंग हे सगळे एकत्र आले तरच किट पूर्ण होते. यातील एखादी गोष्ट ‘नंतर बघू’ म्हणून सोडली, तर बाकीचा खर्च वाया जातो.

ब्रेकचा याच्याशी काय संबंध?

गॅरेजमध्ये ज्या गोष्टीवर सर्वात कमी बोलले जाते, ती म्हणजे व्हॅक्यूमच्या नळ्या. साधे पेट्रोल इंजिन चालताना मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते आणि गाडीतील अनेक भाग त्या पोकळीवर चालतात. पहिला ब्रेक बूस्टर. पाय हलका ठेवला तरी ब्रेक लागतो, तो याच्या मदतीने. सुपरचार्जर आल्यावर त्याच मॅनिफोल्डमध्ये कधी पोकळी असते, तर कधी उलटा दाब. बूस्टरच्या नळीत एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, तो दाब रोखतो. पण तो जुना, कडक झालेला असेल किंवा जागा करण्याच्या नादात नळी चुकीच्या ठिकाणी जोडली असेल, तर ऐन वेळी ब्रेक दगडासारखा कडक लागतो. गाडी आधीपेक्षा वेगवान आणि ब्रेक आधीपेक्षा कमकुवत, अशी ही जोडी होते.

दुसरी नळी क्रँककेसची. पिस्टन रिंगच्या कडेने खाली झिरपणारे वायू एका व्हॉल्व्हमधून पुन्हा मॅनिफोल्डकडे जातात. बूस्टमध्ये हा व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर दाब उलट क्रँककेसमध्ये शिरतो. मग ऑइल सील गळतात, डिपस्टिक वर येते. ऑइलची वाफ हवेत मिसळली तर इंजिन ठोकण्याचा धोका वाढतो. तिसरी नळी पेट्रोलच्या टाकीतील वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरची. तिथेही दाब उलटा जाता कामा नये.

या तिन्ही ठिकाणी लागणारे व्हॉल्व्ह महाग नाहीत. पण ते किटच्या खोक्यात आहेत का आणि बसवणाऱ्याला त्यांचे काम माहीत आहे का, हे ग्राहकाला कळत नाही. सुपरचार्जर दिसतो आणि ऐकू येतो, व्हॉल्व्ह ना दिसतो ना ऐकू येतो. ग्राहक पैसे दिसणाऱ्या वस्तूचे देतो आणि स्पर्धा किमतीवर असली की न दिसणाऱ्या वस्तूच आधी कमी होतात.

‘ब्लोअर बेंटली’ काय शिकवते?

बाहेरून सुपरचार्जर बसवण्याचे सर्वात गाजलेले उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस रेसर टिम बर्किन यांना बेंटलीच्या साडेचार लिटर इंजिनाला सुपरचार्जर लावायचा होता. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली याच्या विरोधात होते. ताकद हवी तर मोठे इंजिन बनवा, असे त्यांचे मत. बर्किन यांनी डोरोथी पॅजेट या धनाढ्य महिलेचे पाठबळ मिळवले आणि ॲमहर्स्ट विलियर्स या अभियंत्याचा सुपरचार्जर वापरला. बॉनेटखाली जागा नव्हती, म्हणून तो थेट रेडिएटरच्या पुढे, क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवला. रस्त्यावरच्या मॉडेलची ताकद ११० वरून १७५ हॉर्सपॉवरपर्यंत गेली.

पण ते ‘बोल्ट-ऑन’ नव्हते. त्यासाठी क्रँकशाफ्ट बदलावा लागला, पिस्टन मजबूत करावे लागले, ऑइलच्या व्यवस्थेत फेरफार करावे लागले. एवढे करूनही १९३० च्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत या गाड्या शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. ती शर्यत जिंकली ती बेंटलीच्याच साडेसहा लिटरच्या, सुपरचार्जर नसलेल्या ‘स्पीड सिक्स’ने. त्याच वर्षी पाऊ येथील फ्रेंच ग्रांप्रीमध्ये बर्किन यांनी ‘ब्लोअर’वर दुसरा क्रमांक मिळवला, हेही खरे.

गाडी वेगवान होती, यात वाद नाही. धडा वेगळा आहे. इंजिनाचे अंतरंग जाणणारे लोक, पैसा आणि स्वतःचे वर्कशॉप असतानाही टिकाऊपणाची किंमत मोजावी लागली. ज्या गॅरेजकडे त्या इंजिनाचे मूळ आकडेच नाहीत, त्याने ‘काही होत नाही’ असे सांगावे का, हा प्रश्न शंभर वर्षांनीही तोच आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिनाची सीसी तर तीच राहते, मग आरसीमध्ये काय बदलले, असा युक्तिवाद काही जण करतात. पण कंपनीच्या मंजूर नमुन्यातील इंजिन आणि रस्त्यावरचे इंजिन वेगळे झाले, हे त्यातून लपत नाही.

विम्याचेही तसेच. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी समोर आला की वाद अटळ. वॉरंटीचा तर विषयच संपतो.

मग हे पकडले जाते का? इथे कायद्याची दुसरी बाजू उघडी पडते. पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचा धूर गाडी उभी असताना, भाराविना मोजतात. त्या वेळी सुपरचार्जरचा बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो आणि बूस्ट जवळपास शून्य. म्हणजे रस्त्यावर काळा धूर सोडणारी गाडी पीयूसी केंद्रात साळसूद ठरू शकते. बंदी कागदावर पूर्ण, तपासणी प्रत्यक्षात अपुरी. परिणाम असा की हे काम थांबत नाही, फक्त बिलाशिवाय होते. बिल नाही म्हणजे जबाबदारी नाही.

इतर देशांत काय करतात?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात प्रदूषणाचे नियम कडक आहेत, तरीही तिथे सुपरचार्जर कायदेशीरपणे बसवता येतो. किट बनवणाऱ्याने विशिष्ट गाडीवर चाचण्या देऊन राज्याच्या हवा मंडळाकडून, म्हणजे ‘कार्ब’कडून, आदेश क्रमांक मिळवायचा. तो क्रमांक बॉनेटखाली चिकटवायचा आणि तपासणीच्या वेळी दाखवायचा. जर्मनीत किटसोबत तज्ज्ञ संस्थेचा अहवाल लागतो, बसवल्यावर तपासणी होते आणि गाडीच्या कागदपत्रांत नोंद होते. टोयोटाने तर अमेरिकेत आपल्या टुंड्रा पिकअपसाठी स्वतःच्या ‘टीआरडी’ शाखेचे किट डीलरकडून वॉरंटीसह बसवून दिले. ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ताकद ३८१ वरून ५०४ हॉर्सपॉवर झाली.

या सगळ्यांत समान धागा एकच. मान्यता सुट्या सुपरचार्जरला नसते. ती अमुक गाडीवरील संपूर्ण किटला असते, त्यात इंजेक्टर, ट्यूनिंग, बेल्ट आणि व्हॉल्व्ह आले. बदल करू देण्याआधी जबाबदार कोण, हे ठरवलेले असते.

आपल्याकडे हे शक्य आहे का?

शक्य आहे, कारण आपण ते एका बाबतीत आधीच करतो. पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवणे हा इंजिनातला मोठा बदल आहे. नवे इंजेक्टर, नवा ईसीयू, शिवाय डिकीत उच्च दाबाचे सिलिंडर. तरीही ते कायदेशीर आहे, कारण किटला मंजुरी लागते, आरटीओत आरसीवर नोंद होते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी होते. अशा मंजुरीसाठी चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे आणि ती १९६६ पासून काम करते आहे. म्हणजे प्रयोगशाळा आहे, आरटीओची पद्धत आहे, मेकॅनिकला नोंदणीची सवय आहे. नाही तो फक्त नियम.

सुपरचार्जरची गरज सीएनजीइतकी नाही, हे मान्य. सीएनजीने खिसा वाचतो, सुपरचार्जरने हौस भागते. रस्त्यावर आधीच वेग जास्त, अपघात जास्त, मग सरकारने हौसेसाठी नियम का करावेत, हा आक्षेपही रास्त आहे. पण नियम हौसेसाठी नकोत, बाजूने जाणाऱ्या दुचाकीस्वारासाठी हवेत. हौस बंदीने थांबलेली नाही. ती फक्त अशा जागी गेली आहे, जिथे ब्रेकच्या नळीतला व्हॉल्व्ह तपासणारा कोणी नाही.

म्हणून दोन गोष्टी एकदम व्हायला हव्यात. पहिली, ठरावीक मॉडेलसाठी चाचणी झालेल्या संपूर्ण किटला मंजुरी, त्यात ब्रेक आणि कूलिंगची चाचणी सक्तीची, आरसीवर नोंद आणि विम्याचा वेगळा हप्ता. दुसरी, मंजुरी नसलेल्या किटवर खरी कारवाई, तीही मालकाइतकीच बसवणाऱ्या आणि विकणाऱ्यावर. पहिलीशिवाय दुसरी केली तर धंदा आणखी लपेल. दुसरीशिवाय पहिली केली तर मंजूर, महाग किट कोणी घेणारच नाही.

तोवर गाडीप्रेमींनी काय करावे?

आजच्या कायद्यात रस्त्यावरच्या गाडीला बाहेरून सुपरचार्जर बसवू नये, हे सरळ उत्तर आहे. वेगाची आवड असेल तर कंपनीनेच टर्बो देऊन विकलेल्या गाड्या आता सामान्य बजेटमध्येही मिळतात. त्यांचे पिस्टन, रेडिएटर आणि ब्रेक त्या ताकदीसाठीच बनवलेले असतात. ट्रॅकसाठी वेगळी गाडी बांधायची असेल तर चेन्नई, कोइम्बतूरसारखे बंदिस्त ट्रॅक आहेत.

तिथेही गॅरेजवाल्याला काही प्रश्न विचारावेतच. माझ्या इंजिनाचे कॉम्प्रेशन किती? बेल्ट स्वतंत्र आहे का? अल्टरनेटर कुठे सरकणार? पूर्ण भारावर इंजेक्टर किती टक्के उघडे राहतील? ट्यूनिंग ई-२० वर केले आहे का? ब्रेक बूस्टर आणि क्रँककेसच्या नळ्यांत कोणते व्हॉल्व्ह? आणि शेवटचा, याचे लेखी बिल मिळेल का?

चांगला मेकॅनिक या प्रश्नांना कंटाळणार नाही. बहुतेक उत्तरे त्याच्या वहीत आकड्यांसह असतील आणि एखादे नसेल तर तो मोजून सांगेल. पण ‘शेट, टेन्शन घेऊ नका’ एवढेच उत्तर मिळाले, तर किल्ली परत मागून घेणे बरे. इंजिन उघडण्याचा खर्च सुपरचार्जरपेक्षा जास्त येऊ शकतो आणि ब्रेक न लागल्याची किंमत तर बिलावर लिहिताच येत नाही.